मुस्लिम प्रश्नात न बसणारे मूल

महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीत 'मुस्लिम प्रश्न' हा शब्दप्रयोग रूढ होऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली, तेव्हापासून या प्रश्नाचा अर्थ चळवळीच्या मनात बराचसा निश्चित झाला. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व, पोटगी व समान नागरी कायदा ही त्याची एक बाजू. दंगली, सुरक्षितता आणि जमातवादाचा प्रतिकार ही दुसरी. १९८५ चा शाहबानो निकाल, १९९२-९३ च्या मुंबईतील दंगली, २०१७ चा तलाकविषयक निकाल आणि २०१९ चा कायदा या टप्प्यांनी चर्चेची तीच दोन पात्रे अधिक खोल केली. या दोन्ही बाजूंचे महत्त्व नाकारण्याचे काहीच कारण नाही. परंतु मुंब्रा-कौसा येथील एखाद्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, दिवसभर पंख्याच्या पात्याकडे टक लावून बसणारे, हाक मारली तरी मान न वळवणारे आणि सहा वर्षांचे होऊनही ज्याच्या तोंडून एक शब्द फुटलेला नाही असे मूल या दोहोंपैकी कोणत्याच बाजूत बसत नाही. म्हणून ते चळवळीला दिसत नाही. त्याच्या समाजाच्या पुढाऱ्यांनाही ते दिसत नाही, आणि ज्या महापालिकेच्या हद्दीत ते राहते तिच्या दप्तरातही बहुधा त्याची नोंद नसते.

या अवस्थेला मराठीत स्वमग्नता असे नाव आहे. तो संसर्गाने येणारा रोग नव्हे आणि वेडही नव्हे. मेंदूची घडणच निराळ्या रीतीने होते. त्यामुळे भाषा, इतरांशी संबंध, आवाज-प्रकाश-स्पर्श यांची जाणीव या साऱ्यांत फरक पडतो. काही मुले असामान्य बुद्धिमान असतात, काहींना आयुष्यभर दुसऱ्याचा आधार लागतो, आणि बहुसंख्य या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी या अवस्थेचे वर्णन प्रथम व्यवस्थितपणे मांडले. त्यानंतर जवळजवळ दोन दशके पाश्चात्त्य वैद्यकाने मुलाच्या या स्थितीचे खापर आईच्या 'थंडपणा'वर फोडले. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये या सिद्धान्तावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, तोही बर्नार्ड रिमलंड या स्वमग्न मुलाच्या पित्याने १९६४ मध्येच तो सप्रमाण खोडून काढल्यानंतर. मुंब्र्यातील सासूने बेटेलहाइम वाचलेला नसतो. पण सुनेकडे बोट दाखवताना ती त्याच निष्कर्षाला पोचलेली असते. अशा बाबतीत शिकागो आणि कौसा यांत फारसे अंतर नसते, एवढे मागासलेपणाची भाषा वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

अशी मुले किती असतील? २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले, पण स्वमग्नतेसाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची तपासणी करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दर आठ मुलांमागे सुमारे एकाच्या ठायी मेंदूच्या विकासाशी निगडित कोणता ना कोणता दोष आढळला, आणि स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघाले. हे प्रमाण धर्म पाहून बदलते असे मानण्यास आधार नाही. लाखभर मुले जेथे राहतात तेथे हजारभर स्वमग्न मुले असली पाहिजेत, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. १९९२-९३ नंतर मुंबईतून जीव मुठीत धरून निघालेली कुटुंबे ज्या वेगाने मुंब्र्यात येऊन वसली, तो वेग पाहता ही शक्यता केवळ कागदावरची नाही. मग ही मुले रस्त्यावर, शाळेत, मैदानावर दिसत का नाहीत?

याचे पहिले उत्तर भूगोलात आहे. मुंब्र्याहून डोंबिवली धीम्या गाडीने तिसरे स्थानक: दिवा, कोपर, डोंबिवली. दुसऱ्या दिशेला कळवा ओलांडले की ठाणे. अंतर मिनिटांचे आहे. डोंबिवलीतील मध्यमवर्गाने आपल्या विशेष मुलांसाठी पदरमोड करून, वर्गणी काढून संस्था उभ्या केल्या, ही त्या शहराला भूषणावह अशी गोष्ट आहे. वाचा-उपचार करणारे, व्यवसायोपचार करणारे, बालमानसतज्ज्ञ हेही ठाणे शहरात व डोंबिवली-कल्याणच्या सुस्थितीतील भागांतच मुख्यतः बसतात. आता कौशातील आईने आठवड्यातून तीनदा मुलाला तेथे न्यायचे म्हणजे काय करायचे, याचा विचार करावा. ९ जून २०२५ रोजी याच दिवा-मुंब्रा टप्प्यात गर्दीने दारात लोंबकळणारे प्रवासी धावत्या गाडीतून रुळांवर पडले आणि त्यांत जीव गेले. ज्या मुलाला प्रेशर कुकरच्या शिट्टीनेही असह्य वेदना होतात, त्याला त्या डब्यात कोंबायचे. ते किंचाळेल, स्वतःचे डोके आपटील, आणि डब्यातील बायका आईला मुलाला वळण लावण्याचा उपदेश करतील. बुरखा घातलेली आई असेल तर उपदेशाचा सूर आणखी काही निराळा असेल. दोन-तीन खेपांनंतर ती जाणे सोडते. एका बैठकीचे शेकडो रुपये आणि घरी बसून खुड्यावर केलेल्या कामाचा बुडालेला दिवस, हा जमाखर्च तिला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

दुसरे उत्तर शासनाच्या रचनेत आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ केला तो पालघर येथे, म्हणजे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, विकासातील विलंब हेरून मुलाला जिल्हा पातळीवरील उपचारकेंद्रात धाडावे, अशी त्याची योजना आहे. आणि हेरावयाच्या दोषांच्या यादीत स्वमग्नतेचाही समावेश आहे. कागदावर ही योजना उत्तम आहे. परंतु शहरी गरीब मुस्लिम वस्तीतील फार मोठी मुले गल्लीतील विनाअनुदानित शाळांत जातात, आणि त्या शाळा या जाळ्याबाहेर राहतात. आणि स्वमग्न मूल तर बहुधा कोणत्याच शाळेत नसते. त्याला प्रवेश देताना 'उद्या घेऊन या' असे सांगितले जाते व तो उद्या येत नाही. ज्या मुलासाठी तपासणी आहे ते मूल तपासणीच्या जागी नसावे, असा हा विचित्र पेच आहे.

समजा या साऱ्यातून एखादी आई प्रमाणपत्रापर्यंत पोचली, तर तेथे भाषेचा अडथळा असतो. स्वमग्नतेचे मोजमाप करण्यासाठी भारतात जी अधिकृत प्रश्नावली वापरतात, तिच्यात चाळीस मुद्दे असतात आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यावयाचे असतात. सत्तरापुढे बेरीज गेली की स्वमग्नता मानली जाते. हे मोजमाप पालकांशी सविस्तर बोलल्याखेरीज होत नाही. घरात उर्दू किंवा पूर्वेकडची बोली, दवाखान्यात मराठी आणि कागदावर इंग्रजी अशा तीन थरांतून आईचे निरीक्षण गाळून निघते तेव्हा त्यातले किती शिल्लक राहत असेल? याच परिसरातील जुन्या कोकणी मुस्लिम कुटुंबांची गोष्ट निराळी. राबोडी, कल्याण, भिवंडीतील ही मंडळी पिढ्यान् पिढ्या येथील भाषा बोलत आली आहेत. अडचण आहे ती नंतर आलेल्या, उत्तर प्रदेश-बिहारमधून किंवा मुंबईच्या गिरण्या-गोद्यांच्या भागातून हुसकल्या गेलेल्या श्रमिकांची. चार ओळींचे उर्दू पत्रक छापण्याने कोणाच्याही मराठी अस्मितेला धक्का पोचणार नाही.

आता त्या प्रश्नाकडे यावे, जेथे पुरोगाम्यांची जीभ सर्वांत आधी सैल सुटते. डॉक्टरकडे जाण्याआधी, किंवा डॉक्टरने दोन मिनिटांत वाटेला लावल्यानंतर, हे मूल आमिलाकडे जाते. नजर लागली, सावली पडली, जिन्नाचा असर झाला, असे निदान होते. गळ्यात तावीज येतो. कल्याणहून मलंगगडावर हाजी मलंग बाबांच्या दर्ग्याला नेले जाते. तेथे केवळ मुस्लिमच जातात असे नाही. या दर्ग्याच्या परंपरागत व्यवस्थेत केतकर हे ब्राह्मण घराणे आहे, माघी पौर्णिमेच्या उत्सवाला सर्व धर्मांचे लोक डोंगर चढतात, आणि मनाने व मेंदूने पीडित अशी माणसे घेऊन येणाऱ्यांत हिंदू कुटुंबेही पुष्कळ असतात. १९८० च्या दशकापासून हे स्थान दर्गा की समाधी यावर ठाणे जिल्ह्यात राजकारण रंगविले गेले. नाव कोणते लावावे यासाठी मोर्चे निघाले. पायऱ्यांवर मूल कडेवर घेऊन दमलेल्या बाईला खाली एखादा डॉक्टर का भेटला नाही, यासाठी कोणत्याही झेंड्याखाली मोर्चा निघाला नाही.

अंधश्रद्धेचे धोके खरे आहेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झालेला जादूटोणाविरोधी कायदा अशा अमानुषतेविरुद्ध वापरलाच पाहिजे, आणि तो बाबाचा धर्म न पाहता वापरला पाहिजे. परंतु तावीज बांधणारी आई गुन्हेगार नसते. तिला जे दार उघडे दिसले त्यातून ती आत गेली. आमिल तिचे तासभर ऐकून घेतो, मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि दोष तिच्या पोटी नसून बाहेरून आलेला आहे असे सांगतो. म्हणजे चुकीच्या कारणाने का होईना, तिला अपराधातून मुक्त करतो. सरकारी बाह्यरुग्ण विभागात तिला यांपैकी काहीच मिळत नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ च्या सुमारास एक निराळा प्रयोग सुरू झाला. दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले, मुजावरांना लक्षणे ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले, आणि दुवा घेऊन झाली की तेच मुजावर भाविकाला पलीकडच्या खोलीत औषधासाठी पाठवू लागले. 'दवा-दुवा' या नावाने तो ओळखला जातो. श्रद्धेची थट्टा न करता आणि विज्ञानाला मुरड न घालता काम होऊ शकते, याचा तो पुरावा आहे. मलंगगडाच्या पायथ्याशी असे काही करण्यास कोणत्या कायद्याची आडकाठी आहे?

मुस्लिम समाजाच्या धुरीणांना मात्र या विवेचनातून सुटका मिळू नये. त्यांच्या परंपरेत या विषयावर मौन नाही. पैगंबर मक्केतील प्रतिष्ठितांशी बोलण्यात गुंतले असता अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम हा आंधळा मनुष्य प्रश्न विचारावयास आला, त्याच्याकडे दुर्लक्ष झाले आणि त्याबद्दल खुद्द पैगंबरांना कुराणाच्या ऐंशीव्या सूरेत समज देण्यात आली, हा प्रसंग प्रत्येक मदरशात शिकविला जातो. हाच आंधळा मनुष्य पुढे मदिनेत बिलालच्या जोडीने अजान देत असे आणि पैगंबर बाहेरगावी असता नगराची व्यवस्थाही त्याच्याकडे सोपविली गेली होती. ज्यांच्या ग्रंथात अपंगाच्या उपेक्षेबद्दल प्रेषितालाही सवलत नाही, त्यांच्या मशिदीत एखादे स्वमग्न मूल नमाजाच्या वेळी ओरडले तर बापाला 'उद्यापासून आणू नका' असे का सांगितले जाते? हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असेही काही मंडळी म्हणतात. २ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागृती दिन पाळण्याचा ठराव २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत कतारने आणला होता, आणि २०१२ मध्ये अशा कुटुंबांच्या आर्थिक-सामाजिक गरजांविषयीचा ठराव बांगलादेशने, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे.

जकातीचा पैसा हा आणखी एक विषय आहे. रमजानात अडीच टक्क्यांच्या हिशेबाने निघणारी रक्कम लहान नसते. ती शिधा, कपडे, मदरशांच्या इमारती यांवर खर्च होते. स्वमग्न मुलाच्या वाट्याला आली तर एखादी शिवणयंत्रासारखी वस्तू त्याच्या आईला, छायाचित्रासह. वाचा-उपचार करणाऱ्या एखाद्या तरुणीचा वर्षाचा पगार जकातीतून द्यावा, हे विश्वस्तांच्या मनात येत नाही, कारण पगाराचे छायाचित्र निघत नाही. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांचेही तसेच. ६ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शाळा शिक्षणहक्क कायद्यातून वगळल्या गेल्या; वंचित व अपंग मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागांचे बंधन त्यांच्यावर राहिले नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाच्याच एका खंडपीठाने, महाराष्ट्रातील एका मुस्लिम शिक्षणसंस्थेच्या प्रकरणात, त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठाकडे पाठविण्याची शिफारस केली आहे. पुढे काय होईल ते होवो. २०१६ चा अपंग हक्क कायदा शासनमान्य शाळांत अल्पसंख्याक व इतर असा भेद करीत नाही. अपंग मुलाला भेदभावाविना प्रवेश देण्याची अपेक्षा तो सर्वांकडूनच करतो. अल्पसंख्याकांचे हक्क हे दुर्बलांचे हक्क म्हणून मागावयाचे आणि आपल्यातील सर्वांत दुर्बल मुलाला दारातून परतवावयाचे, या विसंगतीचा जाब समाजातील तरुणांनी विचारला पाहिजे. मुंब्र्यात असे तरुण नाहीत असे नाही. २०१२ पासून 'परचम'च्या मुलींनी तेथे फुटबॉल खेळण्यासाठी मैदान मागितले, सह्या गोळा केल्या, घरोघरी आयांना पटविले. 'आवाज-ए-निस्वाँ'ने त्याच वस्तीत मुलींसाठी वाचनालय चालविले. सार्वजनिक जागेवरचा हक्क कसा मिळवावा, हे या मुलींना चळवळीतील अनेक ज्येष्ठांहून अधिक कळते.

आणि महापालिका? १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेला स्थान नव्हते. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांत ते दिले, आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. सहा ते अठरा वर्षांच्या लक्षणीय अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, आणि आईबापांच्या पश्चात पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समितीची तरतूद आहे. राज्यातील स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग अपंगांसाठी राखून ठेवावा असा शासनाचा आदेश आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी अपंगांना 'दिव्यांग' हे नाव दिले आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने त्या नावाचे स्वतंत्र खाते उघडले. शब्द चढत्या भांजणीने देवत्वाकडे गेला. मुंब्रा स्थानकाचा जिना मात्र होता तेथेच आहे. पाच टक्क्यांचा पैसा वैयक्तिक अनुदानाच्या रूपाने वाटणे सोपे असते व मतांच्या दृष्टीने सोयीचे असते. एका वस्तीत एक खोली, दोन उपचारक आणि मुलांना आणण्यासाठी एक लहान गाडी यांची कायम व्यवस्था करणे कष्टाचे असते. त्यात कल्याण-डोंबिवलीची मुदत २०२० मध्ये आणि ठाण्याची २०२२ मध्ये संपल्यानंतर कित्येक वर्षे दोन्ही पालिका प्रशासकांच्या हाती राहिल्या. अंदाजपत्रकावर उभे राहून प्रश्न विचारणारे कोणी सभागृहात नव्हते.

पोलिओच्या मोहिमेचा अनुभव येथे उपयोगी पडावा. उत्तर प्रदेशातील मुस्लिम वस्त्यांत लसीविषयी अविश्वास होता तोवर दटावणीचा उपयोग झाला नाही. इमामांना व वस्तीतील शिक्षकांना बरोबर घेतल्यावर, शुक्रवारच्या प्रवचनातून आवाहन झाल्यावर दारे उघडली; २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. आज नोव्हेंबर २०२२ सारखी गोवराची साथ गोवंडी-भिवंडी-मालेगावात पसरते तेव्हा, लसीने स्वमग्नता येते ही १९९८ मध्ये एका इंग्रज डॉक्टरने उठविलेली आणि २०१० मध्ये त्या वैद्यकीय नियतकालिकाने मागे घेतलेली आवई अद्याप कानोकानी फिरत असेल, तर तीही खोडून काढण्याचे काम त्याच मार्गाने करावे लागेल.

ठाणे व कल्याण येथील कार्यकर्त्यांना आरंभासाठी मोठ्या परिषदेची गरज नाही. माहिती अधिकाराखाली दोन्ही महापालिकांकडे अर्ज करावेत. गेल्या पाच वर्षांत पाच टक्क्यांच्या तरतुदीतून प्रत्यक्ष खर्च किती झाला, त्यातील मुंब्रा-कौसा प्रभागसमितीत किती, कल्याण पश्चिमेस किती. पालिकेच्या उर्दू शाळांत विकासविलंबाची तपासणी कोणत्या तारखांना झाली आणि त्यातून किती मुले पुढे पाठविली गेली. अपंगांच्या योजनांचे अर्ज उर्दूत उपलब्ध आहेत काय. आणि या वस्त्यांत उपचारकेंद्रासाठी एखादी जागा आरक्षित आहे काय, एवढे विचारावे. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची.